जपानी कंपनीत नोकरी: कोणता व्हिसा, किती जपानी, एजंटला किती पैसे आणि पहिल्या वर्षात काय होतं

मागच्या दिवाळीत सुट्टी संपवून निघालो होतो. धामणगाव स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेसची वाट बघत बसलो असताना आमच्याच गल्लीतलं एक पोट्टं शेजारी येऊन बसलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. इन्स्टाग्रामची रील होती. मागे साकुराची झाडं, पुढे सूटातला माणूस. 'जपानमध्ये नोकरी, पगार दीड लाख, फक्त एन५ पुरेसं, तीन महिन्यांत रवाना.' खाली व्हॉट्सअ‍ॅप नंबर. फी साडेतीन लाख, त्यातली अर्धी आधी.

"दादा, हे खरं हाय का जी? बाबा म्हणतात दीड एकर वावर गहाण टाकू."

गाडी वीस मिनिटं लेट होती. तेवढ्यात जमेल तेवढं सांगितलं. पण हा विषय वीस मिनिटांचा नाही. मी तीन वर्षांपासून टोकियोत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि दर महिन्याला असे चार-पाच मेसेज येतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी हे समजून घ्या: 'जपानचा व्हिसा' असा एकच व्हिसा नसतो

रीलवाले सगळे व्हिसा एकाच पिशवीत कोंबतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. नोकरीच्या दृष्टीने आपल्याला तीन रस्ते माहीत असायला हवेत.

पहिला रस्ता इंजिनिअरचा. जपानीत त्याचं नाव लांबलचक आहे. सगळे त्याला 'गिजिन्कोकु' म्हणतात. यासाठी पदवी लागते आणि काम त्या पदवीशी जुळणारं लागतं. बीई, बीटेक, बीसीए, बीएस्सी चालते. पदवी नसेल तर त्या कामाचा १० वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आपल्याकडे पॉलिटेक्निक करणारी मुलं खूप आहेत, त्यांनी लक्षात घ्यावं की पदविका म्हणजे पदवी नव्हे आणि फक्त तिच्यावर हा व्हिसा मिळेल असं धरून चालू नका. आयटीवाल्यांसाठी मात्र एक खिडकी उघडी आहे. नाइलिटची (जिला आधी डोएक म्हणायचे) ए, बी किंवा सी लेव्हल पास असेल तर जपान सरकार शिक्षणाच्या अटीत सूट देतं. अमरावती-अकोल्यातल्या किती मुलांना हे माहीत आहे? मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही नव्हतं. या व्हिसावर बायको-मुलांना सोबत नेता येतं आणि नोकरी बदलताही येते.

दुसरा रस्ता 'तोकुतेइ गिनो', म्हणजे विशिष्ट कौशल्य कामगार. जपानने हा व्हिसा एप्रिल २०१९ मध्ये सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबद्दल करार झाला. वृद्धांची देखभाल, हॉटेलिंग, शेती, बांधकाम, अन्नप्रक्रिया अशी सुरुवातीला १४ क्षेत्रं होती, २०२४ मध्ये ती १६ झाली. पदवी लागत नाही. पण दोन परीक्षा लागतात: एक त्या कामाची आणि एक भाषेची. भाषेसाठी जेएलपीटीची एन४ किंवा जेएफटी-बेसिक नावाची संगणकावरची परीक्षा, जिच्यात २५० पैकी २०० गुण लागतात. देखभालीच्या कामासाठी त्या कामापुरत्या जपानीची वेगळी परीक्षा असते. पहिल्या प्रकारात एकूण ५ वर्षं राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. पगार मात्र त्याच कामाच्या जपानी माणसाइतका किंवा त्याहून जास्त द्यावा असा नियम आहे.

म्हणजे 'फक्त एन५' वर या रस्त्याने कोणीच जात नाही. ती रील तिथेच खोटी पडते.

तिसरा रस्ता विद्यार्थी व्हिसाचा, आणि सगळ्यात जास्त मुलं फसतात ती इथे. जपानमधल्या भाषाशाळेत प्रवेश घ्यायचा, फी भरायची आणि वेगळी परवानगी काढून आठवड्याला जास्तीत जास्त २८ तास पार्टटाइम काम करायचं. जपानी मनापासून शिकायचं असेल आणि घरी पैसा असेल तर रस्ता वाईट नाही. पण एजंट हाच रस्ता 'नोकरी' म्हणून विकतात. २८ तासांच्या कमाईत टोकियोचं भाडं, शाळेची फी आणि घरच्या कर्जाचा हप्ता, तिन्ही भागत नाहीत. मग मुलं लपूनछपून जास्त तास काम करतात आणि एक दिवस व्हिसाचं नूतनीकरण नाकारलं जातं.

याशिवाय २०१७ पासून भारतातून तांत्रिक प्रशिक्षणार्थीही जातात. ती योजना बंद होऊन तिच्या जागी २०२७ मध्ये नवीन योजना येणार आहे. कोणी 'टीआयटीपी' चं नाव घेऊन पैसे मागत असेल तर आधी हे विचारा.

ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान टोकियोला गेले तेव्हा दोन्ही देशांनी पाच वर्षांत ५ लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यात भारतातून ५०,००० कुशल माणसं जपानला जातील असं म्हटलं आहे. बातमी खरी आहे. पण तो सरकारी आराखडा आहे, कोणाच्या नावाचं नियुक्तिपत्र नाही. त्या बातमीचा स्क्रीनशॉट दाखवून पैसे मागणारे सध्या खूप फिरताहेत.

सीओई: हाच खरा कागद

तीनही रस्त्यांत एक कागद सारखा आहे. पात्रता प्रमाणपत्र, सगळे त्याला सीओई म्हणतात. हे प्रमाणपत्र जपानच्या इमिग्रेशन कार्यालयातून निघतं आणि त्यासाठीचा अर्ज जपानमधली कंपनी (किंवा शाळा) करते. तुम्ही नाही, धामणगावचा एजंटही नाही. साधारण एक ते तीन महिने लागतात. मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरावं लागतं. २०२३ पासून ते ईमेलवरही येतं. सीओई हातात आल्यावर व्हिसाचा अर्ज करायचा. महाराष्ट्रासाठी मुंबईचं जपानी वकिलातीचं कार्यालय आहे.

क्रम असा: मुलाखत, ऑफर, करार, सीओई, व्हिसा, तिकीट. कोणी हा क्रम उलटा सांगत असेल, म्हणजे 'आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर करून देतो', तर फोन ठेवून द्या.

जपानी भाषा, आणि मराठी माणसाचा फायदा

जेएलपीटी वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. एन५ सर्वात सोपी, एन१ सर्वात कठीण. पुणे आणि मुंबई ही आपली जवळची केंद्रं. एकूण गुण १८०. पास व्हायला एन५ ला ८०, एन४ ला ९०, एन३ ला ९५, एन२ ला ९० आणि एन१ ला १०० लागतात. शिवाय प्रत्येक विभागात किमान गुण लागतात, त्यामुळे ऐकण्यात नापास झालात तर बाकी कितीही चांगलं असून उपयोग नाही. या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत. म्हणून एन२ चं सर्टिफिकेट असलेला माणूस मुलाखतीत गप्प बसलेला मी पाहिला आहे, आणि एन४ वाला बडबड्या मुलगा निवडला गेलेलाही.

आता आपल्या फायद्याचं. इंग्रजीतून जपानी शिकवणारे व्हिडिओ बघून मुलं घाबरतात, कारण इंग्रजीच्या मानाने सगळं उलटं वाटतं. मराठीतून बघा. 'वाताशि वा गोहान ओ ताबेमास': मी, भात, खातो. क्रम तोच. आपले प्रत्यय शब्दाला मागून लागतात, त्यांचेही मागूनच: 'टोकियो नि' म्हणजे टोकियोला, 'धामणगाव कारा' म्हणजे धामणगावहून. 'करून बघणे' ला जपानी 'यात्ते मिरु' म्हणतात आणि त्यातल्या 'मिरु' चा अर्थ खरंच 'बघणे' आहे. 'करून ठेवणे' म्हणजे 'शिते ओकु', त्यातलं 'ओकु' म्हणजे ठेवणे. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'जाऊन येतो' म्हणतो. जपानी माणूस रोज सकाळी दारात 'इत्ते किमास' म्हणतो आणि त्याचा शब्दशः अर्थ हाच आहे. मला हे कळलं त्या दिवशी अभ्यासाची अर्धी भीती गेली.

उच्चारातही एक गंमत आहे. 'त्सुनामी' मधला 'त्सु' इंग्रजी बोलणाऱ्यांना जमत नाही, हिंदीवाले 'सुनामी' म्हणतात. आपल्याला 'चमचा' मधला च येतो. जवळपास तोच आवाज. अडचण येते ती ऱ्हस्व-दीर्घाची. 'ओबासान' म्हणजे काकू आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. चाळिशीतल्या घरमालकिणीला मी पहिल्या भेटीत आजी म्हटलं होतं.

आदरार्थी भाषा आपल्याला सोपी जाईल असं वाटतं, कारण आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहेच. पण एका ठिकाणी ती बरोबर उलटी चालते. आपण बाहेरच्या माणसाला सांगतो, 'आमचे साहेब आलेत.' जपानीत बाहेरच्या माणसाशी, म्हणजे क्लायंटशी बोलताना, आपल्या साहेबाचं नाव 'सान' न लावता घ्यायचं आणि त्याच्याबद्दल नम्र, कमीपणाची क्रियापदं वापरायची. आपली कंपनी म्हणजे आपलं घर, आणि घरच्यांचं कौतुक बाहेर करत नाहीत. माझ्या तोंडून हे वळायला वर्ष गेलं.

फोनवर अभ्यास कसा करायचा? जीबोर्डमध्ये जपानी कीबोर्ड जोडा आणि पहिल्या पंधरा दिवसांत हिरागाना-काताकाना पाठ करा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं जपानी वाचायची सवय लागली तर ती मोडायला दुप्पट वेळ जातो. शब्दांसाठी अंकी (अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे लागतात). अभ्यासक्रमासाठी जपान फाउंडेशनचा 'इरोदोरी', पुस्तक आणि ऑडिओ दोन्ही फुकट. तो तोकुतेइ गिनोच्या रस्त्याने जाणाऱ्यांना विशेष उपयोगी, कारण त्यातले प्रसंग दुकान, दवाखाना, कामाची जागा असे आहेत. एन४ च्या पुढे गेलात की एनएचकेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या रोज एक वाचा. गुगल लेन्सने कांजीचा अर्थ दिसतो, पण तो बघून कांजी येत नाही. मला नोकरी सांभाळून शून्यापासून एन३ पर्यंत यायला दोन वर्षं लागली, रोज सकाळी एक तास.

धामणगावात जपानीचा क्लास नाही, अमरावतीतही मी शिकायला लागलो तेव्हा मला सापडला नव्हता. पुण्याची गोष्ट वेगळी. रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात, शिकवणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या तिथे तयार झाल्या आहेत. योगेंद्र पुराणिक यांचं नाव ऐकलं असेल. महाराष्ट्रातून गेलेले, पुण्यात जपानी शिकलेले, २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकलेले ते पहिले भारतीय वंशाचे माणूस. नंतर इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. एदोगावातलं निशि-कासाइ हे टोकियोतल्या भारतीयांचं मोठं ठिकाण. २००० सालच्या वायटूकेच्या कामासाठी आलेल्या इंजिनिअरांपासून ती वस्ती वाढली. तिथे तूरडाळ मिळते, आणि पहिल्या महिन्यात मला तीच बातमी सर्वात मोठी वाटली होती.

वऱ्हाडाला जपान इतका परका नाही, हेही सांगून टाकतो. निप्पॉन युसेन कंपनीने जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली ती मुख्यतः कापसासाठी. वर्ध्याच्या गीताई मंदिराजवळचा विश्वशांती स्तूप बघितला असेल, तो फुजी गुरुजींच्या जपानी बौद्ध संघाचा.

नोकरी शोधायची कुठे

हा भाग आयटीवाल्यांसाठी आहे, कारण माझा अनुभव तेवढाच.

एक प्रकार म्हणजे इंग्रजीत काम करणाऱ्या जपानी कंपन्या. राकुतेनने २०१० मध्ये जाहीर केलं आणि २०१२ पासून कंपनीची अधिकृत भाषाच इंग्रजी केली. मेर्कारीही परदेशी इंजिनिअर घेते. दोघांची बंगळुरूत ऑफिसं आहेत. इथे जपानी भाषेची सक्ती कमी, पण कोडिंगची मुलाखत कडक. अशा जागा शोधायला टोकियोदेव्ह आणि जपानदेव्ह या साइट बघा. 'जपानी आवश्यक नाही' आणि 'परदेशातून अर्ज चालेल' असे दोन फिल्टर लावले की खरं चित्र दिसतं. बहुतेक जागांना दोन-तीन वर्षांचा अनुभव लागतो. फ्रेशर असाल तर हा दरवाजा अरुंद आहे, खोटं कशाला सांगू.

दुसरा प्रकार मला आपल्या मुलांसाठी जास्त बरा वाटतो. पुण्यातल्या ज्या कंपन्या जपानी क्लायंटसाठी काम करतात तिथे आधी लागायचं. एनटीटी डेटाचं पुण्यात मोठं ऑफिस आहे, केपीआयटी होंडासाठी गाडीचं सॉफ्टवेअर बनवते. अशा ठिकाणी 'ब्रिज एसई' नावाचं पद असतं. जपानी क्लायंट आणि भारतीय टीम यांच्यामधला पूल. क्लायंटचं जपानी स्पेसिफिकेशन वाचायचं, शंका जपानीत विचारायच्या, इथल्या टीमला समजावून सांगायच्या. एन३-एन२ आणि ठीकठाक कोडिंग, एवढ्यावर हे काम मिळतं. उत्तम कोडर पुष्कळ आहेत, उत्तम जपानी येणारेही आहेत. दोन्ही थोडंथोडं येणारे कमी. मीही याच रस्त्याने आलो. अमरावती जिल्ह्यातल्या साध्या कॉलेजची पदवी आणि कॅम्पसला शून्य नोकऱ्या, एवढ्या भांडवलावर. जपानी मुलाखतीत कॉलेजचा दर्जा एकदाही निघाला नाही. पदवी आहे की नाही, एवढंच विचारलं.

जुन्या पद्धतीच्या जपानी कंपन्या दोन कागद मागतात. 'रिरेकिशो' म्हणजे ठरलेल्या नमुन्यातला बायोडाटा, फोटोसकट. 'शोकुमु केइरेकिशो' म्हणजे कामाचा तपशील: कोणता प्रकल्प, किती महिने, टीममध्ये किती माणसं, तुमचा वाटा काय, कोणती भाषा आणि डेटाबेस. दुसऱ्या कागदावर वेळ घाला. तारखा काही नमुन्यांत जपानी शकात लागतात. २०२५ म्हणजे रेइवा ७. शिक्षणात किंवा नोकरीत गॅप असेल तर लपवू नका, विचारतातच.

मुलाखतीत 'जपानच का?' हा प्रश्न येणार. अ‍ॅनिमे आवडतं हे उत्तर चालतं, पण एकटं पुरत नाही. त्यांना जाणून घ्यायचं असतं की हा माणूस सीओईचा खर्च करून आणल्यावर आठ महिन्यांत पळून जाणार नाही ना.

नावाची एक भानगड आधीच सांगतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव असतं. जपानच्या ओळखपत्रावर हे सगळं तसंच छापलं जातं आणि बँकेचा, मोबाईलचा, भाड्याचा प्रत्येक फॉर्म दोनच रकाने देतो. शिवाय काताकानात ध, भ, ळ नाहीत. धामणगावचं 'दामनगाओन' होतं. उतरल्यावर एकदाच ठरवा की नाव काताकानात कसं लिहायचं आणि सगळीकडे अक्षर न बदलता तेच लिहा. एका दीर्घ खुणेच्या फरकामुळे माझा पहिला पगार नऊ दिवस अडकला होता.

ऑफर लेटर वाचताना

महिना ३ लाख येन लिहिलं असेल तर हातात साधारण २ लाख ४० हजारांच्या आसपास पडतात. पेन्शन १८.३ टक्के, त्यातला निम्मा तुमचा. आरोग्य विमा साधारण ५ टक्के. मग रोजगार विमा आणि आयकर. दुसऱ्या वर्षी धक्का बसतो: निवासी कर आधीच्या वर्षाच्या कमाईवर, साधारण १० टक्के, जूनपासून कापायला लागतात. पहिल्या वर्षी तो नसतो, म्हणून मुलं तेवढ्या पगाराच्या हिशोबाने घरी कर्ज काढतात. असं करू नका.

'ठरावीक ओव्हरटाइम समाविष्ट' असं लिहिलं असेल तर किती तास ते बघा. ३ लाखांत ४५ तासांचा ओव्हरटाइम आधीच धरलेला असेल तर मूळ पगार बराच कमी आहे. कायद्याने आठवड्याचे ४० तास, त्यावर किमान २५ टक्के जास्त दर, आणि ओव्हरटाइमची साधारण मर्यादा महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तास. सहा महिने पूर्ण झाले की १० दिवसांची पगारी रजा मिळते.

पालकाची भाजी आणि माझा शुक्रवार

जपानी ऑफिसात नवीन माणसाला पहिला शब्द शिकवतात तो 'होरेन्सो'. अर्थ पालक. पण ही कोटी आहे: होकोकु म्हणजे झालेलं सांगणे, रेन्राकु म्हणजे कळवणे, सोदान म्हणजे विचारणे. तिघांची पहिली अक्षरं जोडली की पालक होतो. तोमिजी यामाझाकी नावाच्या एका कंपनीप्रमुखाने १९८२ च्या सुमारास हा शब्द रूढ केला.

मला तो पहिल्याच आठवड्यात शिकवला होता आणि दुसऱ्या महिन्यात मी त्याची वाट लावली. एक मॉड्यूल शुक्रवारी द्यायचं होतं. मंगळवारी कळलं की टेस्ट डेटा चुकीचा आहे, वेळ लागणार. रोज सकाळी विचारायचे, मी म्हणायचो 'दाइजोबु देस', म्हणजे ठीक आहे. आपल्या डोक्यात असतं ना, 'होऊन जाईल'. रात्री जागून करू, कोणाला कशाला सांगायचं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला सांगावं लागलं की झालं नाही. साहेब ओरडले नाहीत. उशीर झाला म्हणून रागावलेही नाहीत. एवढंच विचारलं, "तुला मंगळवारी माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यानंतर तीन महिने मला क्लायंटच्या बैठकीत नेलं नाही आणि दिवसातून दोनदा काम तपासलं जायचं. कंपनी चांगली होती, चूक माझी होती.

आता मी असं करतो: अर्धा तास अडलो की चॅटवर दोन ओळी टाकतो. काय करत होतो, कुठे अडलो, काय करून बघितलं, काय करायचं वाटतं. आपल्याकडे वारंवार विचारणारा माणूस कच्चा समजतात. तिथे न विचारणारा धोक्याचा समजतात.

बाकी काही गोष्टी पटकन. 'हाय' म्हणजे 'हो' नव्हे, 'ऐकतोय' असा अर्थ. 'केन्तो शिमास' (विचार करतो) आणि 'मुझुकाशिइ देस ने' (कठीण आहे) हे बहुतेक वेळा नकार असतात. बैठकीत नवी कल्पना एकदम मांडू नका. आधी दोघा-तिघांना वेगवेगळं भेटून सांगा, यालाच 'नेमावाशि' म्हणतात. ग्रामपंचायतीचं राजकारण पाहिलेल्याला हे शिकवावं लागत नाही. बैठकीचं टिपण लिहायचं काम नवीन माणसाकडे येतं, ते आनंदाने घ्या; जपानी लिहिणं त्यातूनच सुधारतं. शाकाहारी असाल तर भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो, पहिल्या दिवशीच सांगून टाका.

एजंटचं काय

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ईमायग्रेट या सरकारी पोर्टलवर मोबाईलवरही दिसते. उमेदवाराकडून घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. जपानच्या कायद्यात तर प्लेसमेंट कंपनीने उमेदवाराकडून फी घेणं जवळपास बंदच आहे, ती मालकाकडून घ्यायची असते. भाषेच्या क्लासची फी वेगळी असू शकते, पण मग पावती क्लासची हवी आणि त्यात नोकरीची हमी नको. 'मध्येच सोडलंस तर इतका दंड' असं कलम नोकरीच्या करारात घालायला जपानच्या श्रम कायद्याच्या १६ व्या कलमाने मनाई आहे. पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

त्या पोट्ट्याला मी तीनच प्रश्न लिहून दिले होते: तुमचा ईमायग्रेट नोंदणी क्रमांक काय, जपानमधल्या कंपनीचं पूर्ण नाव काय, आणि व्हिसा कोणत्या प्रकारचा? गाडी बडनेऱ्याला पोचायच्या आत त्याचा मेसेज आला. एजंटने पहिल्या प्रश्नानंतरच त्याला ब्लॉक केलं होतं. तो बारावी पास आहे, आईच्या आजारपणात दोन वर्षं घरी शुश्रूषा केलेला. सध्या इरोदोरी करतोय आणि देखभालीच्या कामाच्या परीक्षेची तयारी. वावर अजून बाबांच्याच नावावर आहे, त्यात तूर पेरली आहे.

आणि परत येताना

हे कोणी विचारत नाही, पण पैशाचं आहे म्हणून सांगतो. जपान कायमचं सोडलं तर भरलेल्या पेन्शनचा काही भाग एकरकमी परत मागता येतो. अर्ज जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा, आणि हिशोबात जास्तीत जास्त पाच वर्षं धरतात. रकमेतून २०.४२ टक्के कर कापला जातो. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे जपानमधली वर्षं पुढे पेन्शनच्या पात्रतेसाठी मोजता येतात. पण एकरकमी पैसे घेतले की ती वर्षं पुसली जातात. परत जपानला जायचा विचार असेल तर घाईने अर्ज करू नका. निघताना वॉर्ड ऑफिसात पत्ता रद्द करा, आणि पेन्शन क्रमांकाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. अर्जात तो लागतो.